इमारतीच्या अर्थिंगचा रोध अचूक कसा मोजावा

अर्थिंगचा रोध मोजण्यातली खरी अडचण अशी की, चुकीच्या पद्धतीने मोजले तरी अर्थ टेस्टर एक आकडा दाखवतोच, आणि तो आकडा बहुधा दिसायला चांगलाही असतो. मापनाची खुंटी इलेक्ट्रोडच्या (जमिनीत पुरलेल्या अर्थ रॉडच्या) अगदी जवळ ठोकली, टेस्ट लिंक (रॉडला इमारतीच्या अर्थिंगशी जोडणारी, सोडवता येणारी पट्टी) उघडायची राहून गेली किंवा क्लॅम्प मीटर भलत्याच पट्टीवर बसवला, तर पडद्यावर कमी आणि समाधानकारक मूल्य येते. ते नोंदवहीत उतरते आणि पुढची काही वर्षे त्या इमारतीत वावरणारी माणसे नसलेल्या संरक्षणाच्या भरवशावर राहतात. त्यामुळे आलेला आकडा त्या इलेक्ट्रोडचाच आहे, हे त्याच वेळी पडताळून पाहणे हाही मापनाचाच भाग आहे असे मी मानतो. ते कसे करायचे, ते पुढे सांगितले आहे.

हा आकडा किती मोलाचा आहे ते एका साध्या हिशेबाने कळेल. समजा, एखाद्या इमारतीचे अर्थिंग केवळ तिच्या स्वतःच्या इलेक्ट्रोडवर अवलंबून आहे, पुरवठा २३० व्होल्टचा आहे आणि इलेक्ट्रोडचा रोध १० ओहम आहे. एखाद्या यंत्राच्या आत फेजची तार सुटून धातूच्या आवरणाला टेकली, तर वाटेतले बाकी सगळे रोध शून्य धरले तरी जमिनीत जास्तीत जास्त २३ अँपिअर धारा जाईल. ३२ अँपिअरचा सर्किट ब्रेकर २३ अँपिअरला पडत नाही, म्हणजे ते आवरण कोणाचा तरी हात लागेपर्यंत तसेच वीज उतरलेले राहील. अशा ठिकाणी आरसीसीबी, म्हणजे गळतीची धारा ओळखून पुरवठा तोडणारा स्विच, अनिवार्य ठरतो. ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीसाठी स्पर्शाचा दाब (व्होल्टेज) ५० व्होल्टच्या आत ठेवायचा, तर कागदावर सुमारे १६६७ ओहमपर्यंतचा रोध चालतो. परंतु २०० ओहमच्या वरचा रोध ऋतुमानाप्रमाणे स्थिर राहीलच असे नाही, असा इशारा ब्रिटनच्या बीएस ७६७१ या मानकात दिलेला आहे. आकाशातील विजेपासून संरक्षणासाठीच्या आयईसी ६२३०५ या आंतरराष्ट्रीय मानकात शक्य असेल तर १० ओहमच्या खाली राहावे अशी शिफारस आहे. आपल्या इमारतीला कोणती मर्यादा लागू होते ते तिच्या पुरवठ्याच्या प्रकारावर आणि तिथल्या नियमांवर ठरते. मर्यादा कोणतीही असो, आकडा खरा असल्याशिवाय तिच्याशी तुलना करण्यात काही अर्थ नाही.

आपण नेमके काय मोजत असतो

अर्थ रॉडचा स्वतःचा धातू जवळजवळ काहीच रोध देत नाही. रोध असतो तो रॉडभोवतीच्या मातीचा. रॉडमधून निघालेली धारा चारी बाजूंना पसरत जाते, म्हणून रॉडला लगटून असलेल्या मातीच्या थरातून तिला अरुंद वाट मिळते आणि जसजसे दूर जावे तसतशी ती वाट रुंद होत जाते. कांद्याच्या पाकळ्या एकावर एक असाव्यात तसे हे थर असतात. आतले थर लहान आणि अडवणारे, बाहेरचे मोठे आणि मोकळे. एकसारख्या मातीत ३ मीटर खोल, १६ मिलिमीटर व्यासाचा रॉड घेतला, तर गणिताने त्याच्या एकूण रोधापैकी निम्म्याहून थोडा अधिक रोध पहिल्या ३० सेंटिमीटरमध्ये आणि ८५ टक्क्यांच्या आसपास रोध पहिल्या ३ मीटरमध्ये सामावलेला असतो. उरलेला भाग दूरपर्यंत विखुरलेला असतो. या साऱ्या थरांच्या पलीकडची जमीन, जिथे रॉडच्या धारेमुळे दाबात काही फरक पडत नाही, ती आपल्या दृष्टीने खरी ‘पृथ्वी’ होय. रॉड आणि ती दूरची पृथ्वी यांच्यामधला रोध आपल्याला हवा असतो.

मापनातले बहुतेक सगळे नियम या एका चित्रातून निघतात. दाब मोजणारी खुंटी रॉडच्या थरांमध्येच ठोकली, तर आपण काही थर मोजतो आणि काही सोडून देतो, त्यामुळे आकडा कमी येतो. ती दुसऱ्या खुंटीच्या थरांमध्ये गेली, तर त्या खुंटीचा रोधही आपल्या हिशेबात मिसळतो आणि आकडा फुगतो.

मल्टिमीटरने हे काम होत नाही, हे इथेच सांगायला हवे, कारण तसा प्रयत्न पुष्कळ जण करतात. मल्टिमीटर ओहम मोजताना एकाच दिशेची धारा सोडतो. ओल्या मातीतून वीज वाहते ती क्षारांच्या आयनांमुळे, आणि एकाच दिशेची धारा सोडली की धातूच्या पृष्ठभागावर रासायनिक क्रिया होऊन उलटा दाब तयार होतो. त्यातच जमिनीत आधीपासून फिरणाऱ्या भटक्या धारा मिसळतात. शिवाय मल्टिमीटरला दोनच टोके असतात, म्हणजे दुसरे टोक ज्या खुंटीला लावाल तिचा रोधही त्यात येणार, आणि तो रॉडच्या रोधाच्या कितीतरी पट असू शकतो. अर्थ टेस्टर प्रत्यावर्ती धारा वापरतो, तिची वारंवारता मुद्दाम पुरवठ्याच्या ५० किंवा ६० हर्ट्झपेक्षा आणि त्यांच्या पटींपेक्षा वेगळी ठेवलेली असते, आणि तो धारा एका वाटेने सोडून दाब दुसऱ्या वाटेने मोजतो.

लिंक उघडण्याआधी आणि उघडल्यावर

इलेक्ट्रोड इमारतीच्या अर्थिंगपासून सोडवल्याशिवाय पुढे सांगितलेल्या तीन टोकांच्या पद्धतीने त्याचा रोध मोजता येत नाही, आणि नेमके हेच काम सर्वात धोक्याचे आहे. अर्थिंगच्या तारेतून कोणत्याही क्षणी गळतीची धारा वाहत असू शकते. लिंक उघडली की त्या धारेची वाट तुटते आणि सुटलेल्या दोन टोकांमध्ये पूर्ण दाब उभा राहू शकतो. एका हातात तार आणि दुसऱ्या हातात रॉड, अशी स्थिती प्राणघातक ठरते. त्यामुळे आधी क्लॅम्प मीटर लावून तारेतली धारा पाहावी. ती काही मिलिअँपिअरपेक्षा जास्त दिसत असेल तर आधी तिचे कारण शोधावे. इमारतीला एकच इलेक्ट्रोड असेल, तर मुख्य स्विच बंद करून, त्याला कुलूप घालून आणि वर पाटी लावून मगच लिंक सोडवावी. अनेक अर्थ पिट (इलेक्ट्रोड पुरलेले खड्डे) असतील तर एका वेळी एकच पिट वेगळा करावा आणि तो परत जोडल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नये. हातात विद्युतरोधी मोजे आणि पायांत तसेच बूट असावेत. आभाळात गडगडाट ऐकू येत असेल तर त्या दिवशी हे काम करू नये, कारण दूरवर कोसळलेल्या विजेचा दाबही लांब पसरलेल्या तारेवर येऊ शकतो.

एका जुन्या इमारतीची तपासणी माझ्याकडे आली, तेव्हाचा प्रसंग इथे सांगण्याजोगा आहे. मागच्या कित्येक वर्षांच्या कागदांवर त्या इमारतीच्या एकमेव अर्थ पिटचा रोध दर वेळी ०.४ ओहम लिहिलेला होता. पिटचे झाकण उचलून पाहिले तर टेस्ट लिंकच्या दोन्ही बोल्टांवर हिरव्या रंगाचा थर होता आणि तो नटाच्या कडेवरून पट्टीपर्यंत अखंड, कुठेही न तडकलेला होता. रंग लावल्यापासून त्या नटाला कोणी पाना लावलेलाच नव्हता. म्हणजे एवढी वर्षे मोजला गेला तो रॉड नव्हता. पाण्याचे लोखंडी नळ, शेजारच्या इमारतींचे अर्थिंग आणि पुरवठ्याची न्यूट्रल या सगळ्यांची रॉडशी झालेली समांतर जोडणी मोजली गेली होती. पुरवठा बंद करून, नट तेल घालून सोडवून, लिंक बाजूला करून पुन्हा मोजले तेव्हा त्या रॉडचा रोध ३८ ओहम निघाला. पुढे कधी लोखंडी नळाच्या जागी प्लॅस्टिकचा बसवला असता, तर तो ०.४ चा आधार कोणाला न कळता गेला असता. तेव्हापासून मी मापनाची नोंद वाचण्याआधी बोल्ट पाहतो.

लिंक उघडल्यावर रॉडचे डोके कानशीने किंवा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासावे. गंज, रंग किंवा जुने ग्रीस यांच्यावर क्लिप लावली तर मातीऐवजी त्या थराचा रोध मोजला जातो. रॉड जोडलेली तारही खरोखर वेगळी झाली आहे ना, एखादी दुसरी पट्टी जमिनीखालून त्याच रॉडला येऊन मिळत नाही ना, हे तपासावे.

खुंट्या कुठे ठोकाव्यात

अर्थ टेस्टरच्या तीन टोकांपैकी ई हे टोक रॉडला, सी हे टोक दूर ठोकलेल्या धारेच्या खुंटीला आणि पी हे टोक त्या दोघांच्या मध्ये ठोकलेल्या दाबाच्या खुंटीला जोडायचे असते. उपकरण ई आणि सी यांच्यामधून धारा सोडते, ई आणि पी यांच्यामधला दाब मोजते, आणि दाबाला धारेने भागून रोध दाखवते. सी खुंटी इतकी दूर हवी की तिचे थर आणि रॉडचे थर एकमेकांत शिरणार नाहीत. एका रॉडसाठी हे अंतर रॉडच्या लांबीच्या किमान १० पट धरावे. ३ मीटरच्या रॉडसाठी मी जागा असेल तर ४० मीटर घेतो. खुंट्या ३० सेंटिमीटरच्या आसपास आत गेल्या तरी पुरतात.

पी खुंटीची जागा सी खुंटीच्या अंतराच्या ६२ टक्क्यांवर असते. हा आकडा अनुभवाने ठरवलेला वाटतो, पण तो गणितातून आलेला आहे. एकसारख्या मातीत इलेक्ट्रोडला अर्धगोल मानले आणि पी कुठे ठेवली असता तो खरा रोध दाखवेल असे विचारले, तर ‘क चा वर्ग अधिक क बरोबर १’ हे समीकरण मिळते आणि त्यात क ची किंमत ०.६१८ येते. हाच आकडा सुवर्ण गुणोत्तर म्हणून इतरत्रही भेटतो. मात्र या नियमातल्या दोन अटी विसरता कामा नयेत: माती एकसारखी असावी, आणि अंतर इलेक्ट्रोडच्या विद्युत केंद्रापासून, म्हणजे धारा जिथून पसरते असे मानता येते त्या बिंदूपासून, मोजलेले असावे. प्रत्यक्षात माती थरांची असते, म्हणून ६२ टक्क्यांवरच्या एकाच वाचनावर कधीही थांबू नये.

त्याऐवजी तीन वाचने घ्यावीत. सी ४० मीटरवर असेल तर पी आधी २४.८ मीटरवर ठोकावी, मग सी च्या अंतराच्या १० टक्के मागे म्हणजे २०.८ मीटरवर, आणि मग तेवढीच पुढे म्हणजे २८.८ मीटरवर. समजा वाचने ३३.१, ३३.५ आणि ३३.९ ओहम आली. त्यांची सरासरी ३३.५ आहे आणि कोणतेही वाचन तिच्यापासून ०.४ ओहमपेक्षा, म्हणजे सव्वा टक्क्यापेक्षा, दूर नाही. पी चे अंतर आणि वाचन यांचा आलेख या भागात जवळजवळ सपाट आहे, म्हणजे पी दोन्ही बाजूंच्या थरांच्या बाहेर आहे. फरक ५ टक्क्यांच्या आत असेल तर सरासरी स्वीकारावी. तो जास्त असेल तर सरासरी काढू नये. सी आणखी दूर नेऊन तिन्ही वाचने नव्याने घ्यावीत.

हेच सी खुंटी १० मीटरवर ठोकून केले असते तर काय झाले असते, याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. त्याच रॉडसाठी, त्याच मातीत, पी २ मीटरवर ठेवली तर गणिताने सुमारे २७.५ ओहम येतात आणि ८ मीटरवर ठेवली तर ३६ ओहमच्या पुढे जातात. रॉड तोच, माती तीच, पाणी घातलेले नाही. केवळ खुंटी सरकवून एक तृतीयांश फरक पडला. आलेख कुठेही सपाट होत नाही आणि त्यावर कुठेही बोट ठेवून हवा तो आकडा घेता येतो. वेळ आणि जागा असेल तर पी दर १० टक्क्यांवर ठोकून संपूर्ण आलेख काढावा असा माझा आग्रह आहे. सपाट भाग डोळ्यांना दिसला की मग शंका उरत नाही.

इमारतीभोवती पुरलेले कडे असेल किंवा अनेक रॉड एकमेकांना जोडून जाळे केले असेल, तर ही अंतरे पुरत नाहीत. जाळ्याच्या सर्वात लांब कर्णाच्या किमान ५ पट अंतरावर सी ठोकावी. ३० मीटर बाय २० मीटरच्या कड्याचा कर्ण सुमारे ३६ मीटर होतो, म्हणजे सी १८० मीटरवर जाते. शिवाय अशा जाळ्याचे विद्युत केंद्र नेमके कुठे आहे ते ठाऊक नसते आणि आपण अंतर कडेपासून मोजत असतो, म्हणून ६२ टक्क्यांचा नियम इथे भरवशाचा राहत नाही. यासाठी उताराची पद्धत आहे. पी अनुक्रमे सी च्या अंतराच्या २०, ४० आणि ६० टक्क्यांवर ठोकून तीन वाचने घ्यायची, दुसऱ्या ते तिसऱ्या वाचनातील वाढीला पहिल्या ते दुसऱ्या वाचनातील वाढीने भागायचे, आणि आलेल्या गुणोत्तरासाठी छापील कोष्टकातून पी चे योग्य अंतर पाहून तिथले वाचन घ्यायचे. गुणोत्तर कोष्टकाच्या बाहेर गेले तर त्याचा अर्थ सी अजून जवळ आहे. सी चे अंतर बदलून ही कृती पुन्हा केल्यावर उत्तर तेच आले, तर मी ते मानतो.

वाचनात चूक कुठून शिरते

खुंटीचा रोध फार असेल तर पुरेशी धारा वाहत नाही आणि वाचन डळमळते. बहुतेक उपकरणे तसा इशाराही देतात. कोरड्या जमिनीत अशा वेळी सी आणि पी खुंटीभोवती पाणी ओतावे, त्यात थोडे मीठ घातले तरी चालेल. या खुंट्यांचा रोध उत्तरात येत नाही, म्हणून त्यांच्याभोवती पाणी घालण्यात काहीच गैर नाही. मोजायच्या रॉडभोवती मात्र मापनापूर्वी पाणी मुळीच घालू नये. आपण पाहिलेच की निम्मा रोध पहिल्या ३० सेंटिमीटरमध्ये असतो. त्यामुळे दोन बादल्या पाणी आकडा झपाट्याने खाली आणते, आणि पाणी मुरून सुकले की रॉड पूर्ववत होतो. मापनाच्या आदल्या दिवशी पिट ओला करून ठेवण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. ती कोणी वाईट हेतूने लावलेली नसते, पण तिचे परिणाम वाईट होतात.

सगळीकडे काँक्रीट असेल आणि खुंटी ठोकायला जागाच नसेल, तर काँक्रीटवर चांगले भिजवलेले गोणपाट अंथरून त्यावर लोखंडी पत्रा ठेवावा, पत्र्यावर वजन ठेवावे आणि क्लिप पत्र्याला लावावी. काँक्रीट ओलावा धरते, म्हणून हा उपाय बहुधा चालतो. डांबरावर तो चालत नाही, कारण डांबर वीज अडवते.

जमिनीखालून खुंट्यांच्या रेषेला समांतर लोखंडी नळ किंवा चिलखती केबल जात असेल, तर धारा मातीऐवजी तिच्यातून पळते आणि आलेख विचित्र वळणे घेतो. वाचनांचा क्रम लागत नसेल तर खुंट्यांची रेषा ९० अंशांनी वळवून पुन्हा मोजावे. दोन्ही दिशांना मूल्य जुळले तर ठीक. नाही जुळले तर तिसरी दिशा शोधावी. आकडा स्थिर न राहता वरखाली नाचत असेल तर बहुतेक वेळा भटकी धारा कारणीभूत असते. उपकरणात सोय असेल तर चाचणीची वारंवारता बदलावी किंवा धारा वाढवावी. पी आणि सी यांच्या तारा रीळावर गुंडाळलेल्या ठेवू नयेत, पूर्ण उलगडाव्यात, आणि एकमेकींना चिकटून न टाकता त्यांच्यात अंतर ठेवावे, कारण एका तारेतली धारा दुसरीत दाब निर्माण करते. मूल्य काही ओहमचे असेल तर हा परिणाम जाणवत नाही, पण मोठ्या जाळ्याचा अर्ध्या ओहमच्या आतला रोध मोजताना तो डोईजड होतो.

कमी रोध मोजताना ई च्या तारेकडेही लक्ष द्यावे. तीन टोकांच्या जोडणीत या तारेचा रोध उत्तरात मिळतो. दीड चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या ५ मीटर तारेचा रोध सुमारे ०.०६ ओहम असतो, तो ३० ओहमच्या रॉडला नगण्य आहे; पण पाऊण चौरस मिलिमीटरची १० मीटर तार वापरली तर ०.२३ ओहमची भर पडते आणि अर्ध्या ओहमच्या जाळ्यासाठी ही चूक निम्म्याच्या घरात जाते. १ ओहमच्या खालची अपेक्षा असेल तर चार टोकांचे उपकरण घ्यावे आणि सी१ व पी१ या दोन वेगवेगळ्या तारा थेट इलेक्ट्रोडपर्यंत न्याव्यात. कामाला निघण्यापूर्वी माहीत असलेला, उदाहरणार्थ १० ओहमचा, रोध जोडून उपकरण तेवढेच दाखवते का हे पाहण्याची सवयही फार उपयोगी पडते.

क्लॅम्पने मोजणे

खुंट्या न ठोकता, लिंक न उघडता नुसता जबडा अडकवून रोध सांगणारे अर्थ क्लॅम्प मीटर सोयीचे असल्याने सर्रास वापरले जातात. ते वाईट नाहीत, पण ते काय मोजतात हे समजून घेतले पाहिजे. जबड्यातले एक वेटोळे तारेत माहीत असलेला दाब निर्माण करते आणि दुसरे वेटोळे त्यामुळे वाहिलेली धारा मोजते. ही धारा आपल्या रॉडमधून जमिनीत जाते आणि बाकीच्या सगळ्या इलेक्ट्रोडांमधून वर येऊन वर्तुळ पूर्ण करते. म्हणजे वाचन हे आपल्या रॉडचा रोध अधिक बाकीच्यांचा समांतर रोध असे असते. प्रत्येकी २० ओहमचे ६ रॉड जोडलेले असतील तर क्लॅम्प २४ ओहम दाखवेल. दोनच असतील तर ४० ओहम, म्हणजे दुप्पट. बाकीचे रॉड जितके जास्त आणि चांगले, तितके वाचन खऱ्याच्या जवळ जाते. परतीची वाटच नसलेल्या एकट्या रॉडवर हे उपकरण काहीच मोजू शकत नाही.

याहून फसवी स्थिती उलटी असते. दोन रॉड जमिनीवर एका पट्टीने आणि जमिनीखाली दुसऱ्या पट्टीने जोडलेले असले, किंवा क्लॅम्प बंद कड्याच्याच पट्टीवर बसला, तर धारा मातीत उतरतच नाही. ती धातूच्या वर्तुळातच फिरते. वाचन ०.०५ किंवा ०.१ ओहम येते आणि पाहणाऱ्याला वाटते, अर्थिंग उत्तम आहे. प्रत्यक्षात मोजला गेलेला असतो तांब्याचा किंवा लोखंडाचा रोध. एका रॉडचा रोध अशा दशांशांत दिसला तर क्लॅम्प कुठे बसला आहे ते आधी पाहावे.

पुरवठा बंद करणे शक्यच नसेल तर ज्या उपकरणात खुंट्या आणि क्लॅम्प दोन्ही एकत्र वापरता येतात ते घ्यावे. त्यात धारा नेहमीप्रमाणे सी खुंटीतून जाते, परंतु क्लॅम्प फक्त आपल्या रॉडमध्ये उतरणारी धारा वेगळी मोजतो, म्हणून लिंक उघडावी लागत नाही. खुंट्यांच्या अंतराचे वर सांगितलेले सगळे नियम इथेही तसेच लागू होतात.

ऋतू, नोंद आणि शेवटची जोडणी

मातीचा ओलावा आणि तापमान बदलले की रोध बदलतो. पावसानंतर लगेच घेतलेले वाचन वर्षातले सर्वात चांगले असते. माती सुकली की तो वाढतो आणि जमीन गोठते तिथे तर एकदम वाढतो. संरक्षण वर्षभर हवे असल्याने मापन शक्यतो सर्वात प्रतिकूल काळात करावे, आणि दरवर्षीची तुलना करायची तर दर वेळी त्याच ऋतूत करावे.

रोध जास्त निघाला आणि नवा रॉड घालायचे ठरले, तर आधी मातीची रोधकता, म्हणजे ती माती मुळात वीज किती अडवते, मोजलेली बरी. सारख्या अंतरावर एका रेषेत चार खुंट्या ठोकून, बाहेरच्या दोघींमधून धारा सोडून आतल्या दोघींमधला दाब मोजायचा, ही फ्रँक वेनर यांनी १९१५ साली मांडलेली पद्धत आजही तशीच वापरली जाते. खुंट्यांची खोली त्यांच्यातील अंतराच्या विसाव्या भागापेक्षा जास्त नसावी. आलेल्या रोधाला अंतराने आणि ६.२८ ने गुणले की रोधकता मिळते: ३ मीटर अंतरावर ५.३ ओहम आले तर सुमारे १०० ओहम-मीटर. अशा मातीत ३ मीटरचा एक रॉड ३३ ओहमच्या आसपास देईल हे रॉड ठोकण्याआधीच कळते. दुसरा रॉड पहिल्यापासून किमान एका रॉडच्या लांबीइतका, जमल्यास दुप्पट, दूर घालावा. जवळ घातला तर दोघांचे थर एकमेकांत गुंततात आणि रोध निम्मा होत नाही.

नोंदीत केवळ अंतिम आकडा लिहू नये. तारीख, मातीची स्थिती, शेवटचा पाऊस कधी झाला, खुंट्यांची दिशा आणि अंतरे, तिन्ही वाचने, उपकरण कोणते, आणि लिंक उघडी होती की नाही, हे सारे लिहावे. पुढच्या वेळी येणाऱ्याला त्याच जागी खुंट्या ठोकून तुलना करता आली पाहिजे.

मापन संपल्यावर घाईने तारा गुंडाळण्याआधी लिंक परत जोडावी, दोन्ही बोल्ट पान्याने घट्ट आवळावेत, आणि मुख्य अर्थ पट्टीपासून रॉडपर्यंत जोड अखंड आहे हे कमी रोध मोजणाऱ्या मीटरने तपासावे. त्यानंतरच मुख्य स्विचचे कुलूप काढावे.